एका संगणकाला तीन कॅमेरे: लाईव्ह प्रक्षेपणाची पहिली जोडणी

तालमीचा वर्धापनदिन असो, मंडळाची व्याख्यानमाला असो की गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान, 'यूट्यूबला दिसणार काय?' असं विचारणारा एखादा पाहुणा पुण्या-मुंबईत किंवा दुबईत बसलेला असतोच. मोबाईल स्टँडवर लावून लाईव्ह करणं आता कुणालाही जमतं. पण एकाच कोनातून तासभर बघायला प्रेक्षकाला धीर नसतो. मग मंडळातलं कुणीतरी म्हणतं, 'दोन-तीन कॅमेरे लावूया की!' आणि ते काम ज्याला संगणकातलं थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात पडतं.

हा लेख त्या गळ्यात पडलेल्यासाठी आहे. त्याच्या हाताशी साधारण असं सामान असतं: एक बऱ्यापैकी लॅपटॉप, एक-दोन वेबकॅम, कुणाचा तरी लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणि घरात पडून असलेला जुना मोबाईल. एवढ्यात काम होतं. कॅमेरे कमी पडले म्हणून लाईव्ह फसल्याचं मी फारसं बघितलेलं नाही. फसतं ते संगणकात शिरणाऱ्या वाटांवर आणि आवाजावर. म्हणून त्या दोन गोष्टींवर इथं जास्त बोलू. चकाचक ट्रान्झिशन आणि उडत्या पट्ट्या यांना पुढच्या वर्षी बघू.

जागा आधी, सामान नंतर

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, कार्यक्रमाच्याच वेळेला, जागेवर जाऊन या. दुपारी पसंत केलेल्या जागी संध्याकाळी पाचला सूर्य थेट लेन्समध्ये घुसतो. प्लग कुठं आहेत, साउंडवाला कुठं बसणार आहे, स्टेजवर पंखा कुठं आहे, लोक कुठून ये-जा करणार आहेत, हे डोळ्यांनी बघा. तुमचं टेबल साउंडवाल्याच्या मिक्सरशेजारी लागेल असं करा. आवाज त्याच्याकडूनच घ्यायचाय, त्याच्याशी बोलायला लागणार आहे, आणि दोघांची वीज एकाच बोर्डवरून घेतली की आवाजातली घुंई बऱ्याच वेळा टळते.

आता कॅमेरे कुठं उभे करायचे ते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचं उदाहरण घेऊ. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली सुरू झालेलं हे मैदान. मध्ये आखाडा आणि चोहोबाजूंनी चढत गेलेली बैठक, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी अशी. असं गोल मैदान बघितलं की नवखा माणूस तीन दिशांना तीन कॅमेरे लावून मोकळा होतो. इथंच गाडी अडते. दोन्ही मल्ल लंगोटावर असतात आणि पाचेक मिनिटांत दोघंही लाल मातीनं सारखेच माखतात. घरी मोबाईलवर बघणाऱ्याला ते ओळखू येतात ते एकाच खुणेनं: डावीकडचा हा, उजवीकडचा तो. तुम्ही समोरच्या बाजूचा कॅमेरा दाखवलात की डावीकडचा उजवीकडं जातो. खाली कोण आहे आणि पाठीवर कोण आहे हेच कळेनासं होतं, आणि चॅटमध्ये भांडणं लागतात.

उपाय साधा आहे. आखाड्याच्या मधून एक रेघ आहे असं समजा आणि कुस्ती दाखवणारे सगळे कॅमेरे त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. निवेदक, हलगीवाले, प्रेक्षक यांच्यासाठीचा कॅमेरा पलीकडं गेला तरी चालतो, कारण त्यात मल्ल दिसत नाहीत. फुटबॉललाही हाच नियम. जर्सीचे रंग वेगळे असले तरी कुठला संघ कुठल्या गोलकडं चाललाय हे उलटं व्हायला नको. हॉलमधल्या मैफलीत ही रेघ गायकापासून तबलजीपर्यंत धरायची.

पहिला कॅमेरा रुंद चित्राचा. तो घट्ट बसवायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. काहीही बिघडलं तर परत येण्याचं ठिकाण हेच. दुसरा जवळच्या चित्राचा, त्यावर माणूस उभा. तिसरा हौसेचा, म्हणजे तबल्यावरची बोटं, हलगी, पहिल्या रांगेतले वस्ताद. पहिल्यांदाच करत असाल तर दोनच लावा. दोन कॅमेरे नीट चाललेलं प्रक्षेपण तीन अडखळणाऱ्या कॅमेऱ्यांपेक्षा कधीही बरं.

संगणक आणि सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर म्हणून ओबीएस स्टुडिओ घ्या. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. व्हीमिक्ससारखी विकतची सॉफ्टवेअर चांगली आहेत, फुटबॉलच्या धावफलकासाठी आणि रिप्लेसाठी तर फारच सोयीची. पण शिकायला ओबीएस पुरेसं आहे आणि पुढं कुठंही गेलात तरी हेच ज्ञान कामी येतं.

लॅपटॉप गेल्या पाच-सहा वर्षांतला, आय-फाइव्ह किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असेल तर निवांत काम होतं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ओबीएसच्या सेटिंगमध्ये एन्कोडर म्हणून एनव्हेंक निवडा. इंटेलचा नुसता प्रोसेसर असेल तर क्विकसिंक. मग व्हिडिओ दाबायचं, म्हणजे त्याचा डेटा कमी करायचं, काम त्यासाठीच बनवलेल्या भागाकडं जातं आणि प्रोसेसर कॅमेरे सांभाळायला मोकळा राहतो. लॅपटॉप चार्जरवरच हवा, पॉवर मोड जास्तीत जास्त कामगिरीवर हवा, विंडोजचं अपडेट आदल्या दिवशी उरकलेलं हवं आणि व्हॉट्सअॅपची खिडकी बंद हवी. अध्यक्षांच्या भाषणात 'मटण किती किलो सांगू?' असा मेसेज पडद्यावर झळकू नये.

यूएसबीच्या वाटा

सगळ्यात जास्त डोकं खाणारी जागा ही. एक वेबकॅम लावला की चालतो. दुसरा लावला की काळा पडदा, नाहीतर पहिलाच बंद. लोक म्हणतात कॅमेरा खराब आहे. कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

हिशोब असा आहे. बहुतेक वेबकॅम यूएसबी २.० वर चालतात. त्या वाटेची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि ती कागदावरची. १९२० बाय १०८० मापाचं, सेकंदाला ३० फ्रेमचं न दाबलेलं चित्र पाठवायचं तर सुमारे १००० मेगाबिट लागतात. म्हणजे एक कॅमेरासुद्धा त्यात मावत नाही. १२८० बाय ७२० मापालाही जवळजवळ ४४० लागतात. म्हणून वेबकॅम चित्र आतच दाबून एमजेपीईजी स्वरूपात पाठवतो. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या गुणधर्मात 'व्हिडिओ फॉरमॅट' असतो. तिथं वाय-यू-वाय-२ (YUY2) दिसलं तर ते न दाबलेलं चित्र आहे; ते बदलून एमजेपीईजी करा. निम्म्या लोकांची अडचण इथंच मिटते.

उरलेल्या निम्म्यांची अडचण वेगळी आहे. वेबकॅम सुरू होतानाच यूएसबीच्या वाटेवर स्वतःपुरती जागा राखून ठेवतो, प्रत्यक्षात तेवढी लागो वा न लागो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. पहिल्यानं मोठा रुमाल टाकला की दुसऱ्याला उभं राहायला लागतं, मग गाडी अर्धी रिकामी का असेना. त्यामुळं एकाच हबला तीन वेबकॅम लावले तर ते भांडणारच. चार तोंडांचा हब म्हणजे चार वाटा नव्हेत. वाट एकच, तोंडं चार.

आणि लॅपटॉपला बाहेरून चार पोर्ट दिसले तरी आत त्यांचा कंट्रोलर, म्हणजे ते पोर्ट चालवणारी चिप, एकच असू शकतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मेनूत 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा, आणि कुठला कॅमेरा कुठल्या फांदीखाली लटकलाय ते बघा. एक कॅमेरा काढून दुसऱ्या पोर्टला लावा, फांदी बदलते का बघा. ज्या पोर्टला जो कॅमेरा चालला तिथं रंगीत टेपचा तुकडा चिकटवा आणि तोच रंग केबलच्या टोकाला. कार्यक्रमाच्या दिवशी अंधारात खाली वाकून पोर्ट शोधताना याची किंमत कळते. डेस्कटॉप असेल तर वेगळं यूएसबी कार्ड बसवता येतं, आणि त्यातही प्रत्येक पोर्टला स्वतंत्र कंट्रोलर असलेलं कार्ड मिळालं तर प्रश्नच मिटला. लॅपटॉपवर एवढं करूनही जमत नसेल तर एका कॅमेऱ्याचं माप ७२० वर आणा. छोट्या पडद्यावर कुणालाही फरक कळणार नाही.

केबलची लांबीही मोजा. यूएसबी २.० ची साधी केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची. पुढं रिपीटर असलेली एक्स्टेंशन केबल लागते. साध्या एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत गेलात तर घरी चालेल आणि हॉलमध्ये दगा देईल.

मोठा कॅमेरा आणि मोबाईल

लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा असेल तर त्याची एचडीएमआय तार कॅप्चर कार्डमध्ये आणि कॅप्चर कार्ड यूएसबीत. यातली स्वस्त कार्डं सातशे-आठशे रुपयांच्या आसपास मिळतात आणि शिकायला ठीक आहेत. डब्यावर मोठ्या अक्षरात 'फोर-के' लिहिलेलं असतं. ते आत येणाऱ्या चित्राबद्दल असतं. संगणकाला मिळतं ते १०८० आणि तेही एमजेपीईजी. अशी दोन कार्डं लावताना एक गंमत होते: दोघांचं नाव संगणकात अगदी सारखंच दिसतं. मग ओबीएस चालू झाल्यावर कॅमेरा एक आणि कॅमेरा दोन यांची अदलाबदल होऊ शकते. एकेक कार्ड जोडून ओळख पटवून घ्या आणि नंतर पोर्ट बदलू नका.

कॅमेऱ्याच्या मेनूत तीन गोष्टी बघायच्या. एचडीएमआयमधून बाहेर जाणाऱ्या चित्रावर बॅटरीची खूण, फोकसची चौकट वगैरे येऊ नये, ती माहिती बंद करता आली पाहिजे. काही जुन्या कॅमेऱ्यांत ती बंदच होत नाही, मग तो कॅमेरा या कामाचा नाही. आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका. आणि बॅटरीच्या जागी बसणारा, थेट विजेवर चालणारा अडॅप्टर घ्या. एचडीएमआयची साधी तार दहा मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब जायचं तर फायबरवाली एचडीएमआय तार, नाहीतर दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावून एसडीआयची कोअॅक्सिअल केबल. मैदानावर एसडीआय मला जास्त आवडते. तिच्या टोकाचा जोड फिरवून अडकतो, कुणाचा पाय लागला तरी सुटत नाही.

मोबाईलला कॅमेरा बनवायला ड्रॉइडकॅम किंवा आयरिअन यांसारखी अॅप्स आहेत. एक भाग मोबाईलवर, एक संगणकावर. वायफायनंही चालतात, पण कार्यक्रमाला माणसं भरली की प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल त्याच हवेत बोलायला लागतो आणि तुमचं चित्र अडखळतं. म्हणून यूएसबी केबलनंच जोडा. सिम काढून टाका, नाहीतर ऐन रंगात येणारा फोन तुमचा कॅमेरा पाडतो. मोबाईल उन्हात ठेवू नका, त्याचं कव्हर काढा, आणि झूम करायचं मनात आणू नका. आखाड्यापासून लांब बसून मोबाईलनं झूम केलं की मल्लांऐवजी डाग दिसतात. मोबाईल जवळ, मोठा कॅमेरा लांब.

तिन्ही चित्रं एकाच घरची वाटावीत

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाईट आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. बऱ्याच वेबकॅममध्ये मूळ सेटिंग ६० हर्ट्झचं असतं. मग चित्रावरून काळसर पट्टे सरकत राहतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' ५० करा. मोठ्या कॅमेऱ्यावर शटर एक-पन्नासांश किंवा एक-शतांश ठेवा. जनरेटरवर चाललेल्या मैदानात एवढं करूनही लुकलुक दिसू शकते, तेव्हा शटर थोडं इकडंतिकडं करून बघण्याशिवाय पर्याय नाही.

व्हाइट बॅलन्स आपोआप ठेवू नका. एका कॅमेऱ्यात पाहुण्यांचा फेटा भगवा आणि दुसऱ्यात तोच गुलाबी, हे प्रेक्षकाला लगेच खुपतं. सगळे कॅमेरे एकाच पांढऱ्या कागदाकडं वळवा, सगळ्यांचा आकडा एकच करा आणि ठोकून टाका. एक्स्पोजरचंही तसंच. फोकस मात्र माणूस असलेल्या कॅमेऱ्यावर चालू राहू द्या, बाकीच्यांवर बंद. आखाड्याजवळच्या कॅमेऱ्याची लेन्स दर दोन-तीन कुस्त्यांनंतर ब्रशनं झाडा. कापडानं पुसलीत तर मातीनं ओरखडे पडतात.

ओबीएसमध्ये मांडणी

ओबीएसमध्ये दोन शब्द पक्के करा: सीन आणि सोर्स. सोर्स म्हणजे कच्चा माल, म्हणजे कॅमेरा, माईक, लोगोचं चित्र. सीन म्हणजे प्रेक्षकाला एका वेळी जे दिसतं ते.

'सीन १ रुंद' तयार करा, त्यात 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' सोर्स घाला, कॅमेरा निवडा. 'रिझोल्यूशन' कस्टम करून माप आणि फ्रेम स्वतः भरा, एमजेपीईजी निवडा. 'डिअॅक्टिव्हेट व्हेन नॉट शोइंग' ही खूण काढलेली असू द्या. ती लागलेली असेल तर सीन बदलताना कॅमेरा दर वेळी नव्यानं सुरू होतो आणि मध्ये काळा पडदा येतो. असाच सीन दुसऱ्या आणि तिसऱ्या कॅमेऱ्याचा. दोन चित्रं एकत्र दाखवायची असतील, समजा वक्ता मोठा आणि कोपऱ्यात त्याची स्लाइड, तर नव्या सीनमध्ये कॅमेरा पुन्हा नव्यानं जोडू नका. 'अॅड एक्झिस्टिंग' करून आधीचाच सोर्स घ्या. एकच कॅमेरा दोनदा उघडायला गेलात तर विंडोज बऱ्याच वेळा दुसऱ्याला नकार देतं.

आणखी एक सीन हवाच: 'थोड्याच वेळात' असं लिहिलेलं स्थिर चित्र, आवाज बंद. पाहुणे उशिरा येतात, हे कोल्हापुरात सांगायला नको.

मग 'स्टुडिओ मोड' चालू करा. डावीकडं तयारीचं चित्र, उजवीकडं लोकांना दिसणारं. आधी डावीकडं बघायचं, कॅमेरा स्थिर झालाय का खात्री करायची, मगच सोडायचं. हॉट-की लावून घ्या, म्हणजे कीबोर्डच्या एका बटणावर एक सीन; आकड्यांची बटणं सोयीची. दुसरा पडदा असेल तर त्यावर 'मल्टिव्ह्यू' टाका, सगळे सीन एकत्र दिसतात. ट्रान्झिशन 'कट' ठेवा, फार तर 'फेड'. प्रेक्षक भाषण ऐकायला आलाय, फिरत्या चौकोनांसाठी नाही.

आवाज

चित्र दोन मिनिटं अडखळलं तर लोक थांबतात. आवाज गेला की निघून जातात. म्हणून कॅमेऱ्यांचे माईक सगळे बंद करा आणि आवाज एकाच ठिकाणाहून घ्या: साउंडवाल्याच्या मिक्सरवरून.

साउंडवाल्याकडं नुसता 'आउट' मागू नका, 'ऑक्स' मागा, म्हणजे मिक्सरमधून बाहेर पडणारी वेगळी वाट. हॉलसाठीचा मुख्य आवाज हॉलच्या गरजेनं जुळवलेला असतो. तबला समोरच जोरात वाजतोय म्हणून त्याचा माईक कमी केलेला असतो. तोच आवाज लाईव्हला घेतलात तर घरच्या प्रेक्षकाला तबला ऐकूच येत नाही. ऑक्सवर तुमच्यासाठी वेगळं प्रमाण लावता येतं. त्यासाठी त्याला कार्यक्रमाच्या तासभर आधी चहाला न्या. ऐन वेळी मागितलंत तर तो देईल ती तार घ्यावी लागते.

ती तार लॅपटॉपच्या माईकच्या छिद्रात घालू नका. ते छिद्र माईकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा जाड सिग्नल तिथं फाटतो. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा, दोन इनपुटचा साधा असला तरी पुरे. घुंई ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. घुंई गेली तर ती अर्थिंगच्या फेऱ्याची आहे. मध्ये डीआय बॉक्स किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की थांबते. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणीतरी हमखास देतो. तो ऐकू नका, विजेचा खेळ आहे.

इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला एक माईक लावून तो प्रेक्षकांकडं वळवा. टाळ्या, हलगी, कुस्ती चितपट झाल्यावरचा कल्ला, हे निवेदकाच्या माईकमध्ये नीट येत नाही, आणि त्याशिवाय मैदान मेल्यासारखं वाटतं.

आता ओठ आणि आवाज जुळवायचं काम. मिक्सरचा आवाज तारेनं लगेच पोचतो. कॅमेऱ्याचं चित्र दाबणं, उलगडणं या भानगडीत मागं राहतं. म्हणून बोलणं आधी आणि ओठ नंतर. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग सुरू करा, स्टेजवरच्या माईकसमोर एकाला टाळी वाजवायला सांगा, तीही तिन्ही कॅमेऱ्यांवर एकेकदा. रेकॉर्डिंग एखाद्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेम-फ्रेम पुढं सरका. आवाज आल्यानंतर किती फ्रेमनी हात जुळलेले दिसतात ते मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. समजा पाच फ्रेमचा फरक निघाला, तर साधारण १६५. 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये त्या आवाजाचा 'सिंक ऑफसेट' तेवढा भरा.

तीन कॅमेऱ्यांचा उशीर तीन तऱ्हेचा निघेल. मोबाईल बहुधा सगळ्यात मागं. आवाज सगळ्यात संथ कॅमेऱ्याशी जुळवा आणि बाकीच्या कॅमेऱ्यांना 'व्हिडिओ डिले' फिल्टर लावून तेवढंच मागं खेचा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा नीट झालं की तेच सामान, तीच सेटिंग असेपर्यंत फारसं बघायला लागत नाही. प्रेक्षकांकडच्या माईकचं एक लक्षात ठेवा: आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. माईक स्पीकरपासून २० मीटरवर असेल तर त्यात निवेदकाचा आवाज ६० मिलिसेकंद उशिरा येतो आणि घुमल्यासारखं वाटतं. तो माईक कमीच ठेवा, टाळ्यांच्या वेळी वर घ्या.

इंटरनेट आणि यूट्यूब

चॅनल नवं असेल तर आजच मोबाईल नंबरनं पडताळणी करून लाईव्ह चालू करण्याची विनंती टाका. पहिल्यांदा ते मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. कार्यक्रमाच्या सकाळी हे कळून घाम फुटलेली मंडळं बरीच आहेत.

ओबीएसमध्ये यूट्यूबचं खातं जोडा किंवा स्ट्रीम-की चिकटवा. ती की म्हणजे तुमच्या चॅनलची किल्ली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. 'रेट कंट्रोल' सीबीआर, की-फ्रेमचं अंतर २ सेकंद, आवाज ४८ किलोहर्ट्झ. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, ७२० साठी ३००० ते ४००० केबीपीएस, १०८० साठी ४५०० ते ६०००. तुमच्या लाईनचा अपलोड वेग याच्या किमान दुप्पट हवा, आणि तो त्याच जागी, त्याच वेळेला मोजलेला हवा. डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका.

हॉलमध्ये फायबर असेल तर लॅनची तार ओढा. मैदानावर मोबाईल डेटाच असेल तर वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट केबलनं लॅपटॉपला द्या, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा मोबाईल हाताशी ठेवा. रिकाम्या मैदानात मिळालेला वेग गर्दीत मिळत नाही. भरलेल्या मैदानात तो निम्म्यावर येईल असं धरूनच बिटरेट ठरवा. राऊटर आणि लॅपटॉप दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो आणि राऊटर मरतो, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

मध्यंतरात साउंडवाला सिनेमाची गाणी लावतो. यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि प्रक्षेपण थांबवूही शकते. मध्यंतर सुरू झालं की 'थोड्याच वेळात'चा सीन, आवाज बंद.

तालीम आणि त्या दिवशी

आदल्या दिवशी 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसेल असं, ठेवून पूर्ण सामान लावून तासभर लाईव्ह करा. पाच मिनिटांची चाचणी उपयोगाची नाही. मोबाईल तापणं, कॅप्चर कार्ड गोठणं, लॅपटॉपचा वेग उतरणं हे सगळं अर्ध्या तासानंतर दिसायला लागतं.

ओबीएसच्या 'स्टॅट्स' खिडकीत तीन आकडे असतात, त्यातला वाढतोय तो बघून रोग ओळखा. 'रेंडरिंग लॅग' वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे: फिल्टर आणि हलणारी चित्रं कमी करा. 'एन्कोडिंग लॅग' वाढत असेल तर एन्कोडर दमलाय: माप ७२० वर आणा. 'ड्रॉप्ड फ्रेम्स' वाढत असतील तर दोष इंटरनेटचा: बिटरेट उतरवा. माप आणि बिटरेट चाचणीतच ठरवून टाका. लाईव्ह चालू असताना माप बदलता येत नाही. कॅमेऱ्यात गडबड असेल तर या तिन्हींपैकी काहीच हलत नाही, म्हणजे पुन्हा यूएसबीकडं वळायचं.

माणसं वाटून घ्या. बटण दाबणारा एकच. दुसऱ्यानं घरच्या प्रेक्षकासारखं मोबाईलवर, हेडफोन लावून, यूट्यूबच बघत बसायचं आणि बिघडलं की सांगायचं. त्याला दिसणारं चित्र काही सेकंद मागं असतं, हे दोघांनी लक्षात ठेवायचं, नाहीतर 'आत्ता आवाज गेला' आणि 'आत्ता तर चालू आहे' यात वाद लागतो. कॅमेऱ्यावरच्या माणसाला हाताच्या खुणा ठरवून द्या: मूठ म्हणजे तू लाईव्ह आहेस, हलू नकोस, उघडा पंजा म्हणजे मोकळा आहेस, पुढचं चित्र शोध. बटण दाबणाऱ्याच्या मागं उभं राहून 'तो दाखव, तो दाखव' म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी टेबलासमोर दोन खुर्च्या आडव्या टाका.

तारा कापडी टेपनं जमिनीला चिकटवा. पावसाळ्यात जोड जमिनीपासून वर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जुलै-ऑगस्टमध्ये इथं मंडपाखालूनही पाणी वाहतं.

लाईव्हबरोबर संगणकावर रेकॉर्डिंगही चालू ठेवा, एमकेव्ही स्वरूपात. मध्येच लाईट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. साध्या एमपी४ ची अख्खी फाइल वाया जाऊ शकते. नंतर ओबीएसमधल्याच 'रीमक्स'नं तिचं एमपी४ करून घ्या.

कार्यक्रम संपला, आभार झाले, की लगेच बटण दाबू नका. रुंद चित्रावर जाऊन अर्धा मिनिट थांबा, म्हणजे उशिरानं बघणाऱ्यांपर्यंत शेवटचं वाक्य पोचतं. मग 'स्टॉप स्ट्रीमिंग', मग यूट्यूब स्टुडिओत 'एंड स्ट्रीम', आणि त्यानंतर रेकॉर्डिंग बंद. फाइल उघडून, मधूनच एका ठिकाणी आवाजासकट चालते ना हे बघा, पेनड्राइव्हवर एक प्रत घ्या, आणि मगच मंडपवाल्याला वीज काढू द्या.